आमच्या कुळाचा मोर

माझ्या भाचीचा साखरपुडा एका फ्लेक्सनं अडवला. हे कुणालाही सांगितलं की आधी हसू येतं. मलाही आलं असतं, पण त्या वेळी मी नंदुरबारातल्या मंगल कार्यालयाच्या दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते आणि मुलाचे आजोबा चष्मा पुसून पुसून आमचा फ्लेक्स वाचत होते.

आमच्या एका चुलतभावाला उत्साहाचा आजार आहे. त्यानं भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी म्हणून कुळाचं बोधचिन्ह करून घेतलं होतं. वर मुकुट, दोन्ही बाजूंना मागच्या पायांवर उभे राहिलेले सिंह, खाली आडव्या तलवारी आणि मधोमध पिसारा फुलवलेला मोर. आमच्या घराण्यानं तापीकाठी पिढ्यान्‌पिढ्या कापूस, मिरची आणि केळी केली. तलवार राहू द्या, बांधावर आलेल्या डुकरावर कुणी धड काठी उगारल्याचं मला आठवत नाही. पण फ्लेक्सवाल्याकडे सिंह आणि तलवारी आयत्या असतात, त्या त्यानं टाकल्या. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘आमच्या कुळाचं देवक – मोर’.

आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही तेच म्हणते.

“आमनं बी मोरच शे,” आबा म्हणाले. आवाज चढला नाही, काही नाही. “मंग ह्या तं भाऊ-बहीन व्हयनात.”

देवक हा प्रकार ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सांगते. ती कुळाची खूण. कुणाची खूण म्हणजे एखाद्या झाडाची फांदी, कुणाची वेल, कुणाचं पक्ष्याचं पीस. लग्नाआधी ती मांडवात आणून पुजायची आणि मग पुढचे विधी करायचे. दोन घरांचं देवक एक निघालं की ती घरं भावाभावांची ठरतात, सोयरीक होत नाही. पूर्वी हे पहिल्या बैठकीतच विचारायचे. आता बायोडाटा येतो. त्यात उंची असते, शिक्षण असतं, शेती किती आणि नोकरी कुठली ते असतं. देवकाच्या रकान्यात बहुतेक सगळे ‘पंचपाल्वी’ लिहून मोकळे होतात. पंचपाल्वी म्हणजे पाच झाडांचा पाला, तो पुष्कळांचा खरोखर असतो, त्यामुळे कुणी खोदून विचारत नाही. आम्हीही तेच लिहिलं होतं. फ्लेक्स मात्र खरं बोलला, म्हणजे तेव्हा आम्हाला तसं वाटलं.

स्वयंपाक तयार होता, म्हणून सगळे जेवले. आबांनीही दोन घास खाल्ले, माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि नवापूरला निघून गेले. साखरेची पुडी पिशवीतून बाहेरच निघाली नाही.

भाची इथल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. अठ्ठाविशी उलटलेली, बोलायला फटकळ, अगदी माझ्यावर गेलेली. याआधी तिनं दोन स्थळं स्वतः नाकारली होती आणि हा मुलगा तिनं मनापासून पत्करला होता. त्याचे नवापूरजवळ पोल्ट्रीचे शेड आहेत. वडील लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवलं. तो तिला फोनवर स्पष्ट म्हणाला, की मी देवक-बिवक मानत नाही, पण आबा मांडवात नसतील तर मला लग्न करता येणार नाही. भाचीनं हे मला सांगितलं तेव्हा मी चिडून म्हणाले, “मग कसला हा मुलगा?”

“आत्या, मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं,” ती म्हणाली. “आबांना सोडणारा मुलगा मला तरी कशाला हवा?” मग ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

माझ्या भावानं आपला उपाय काढला. “ताई, पंचपाल्वीच सांगी देऊत. फ्लेक्सवालानी चुकी व्हयनी म्हनूत. कोन देखस आते?” आबा देखस, मी म्हणाले. आणि समज त्यांनी नाही पाहिलं, तरी पोरीच्या संसाराची सुरुवात थापेनं करायची का? भाऊ वर बघू लागला. त्याला राग आला की तो पंख्याकडे बघत बसतो.

मी स्वतः देवाधर्मातली फारशी नाही. पण खुणांचं वेड मला पहिल्यापासून आहे. विसरवाडीला शाळेत शिकवत होते तेव्हा एसटीची वाट पाहताना ट्रकांच्या पाठी वाचायचे. अक्षरं कमी, चित्रंच जास्त असायची. गरुड, कमळ, दोन मासे, चांदतारा. एकाच मालकाच्या साऱ्या गाड्यांवर एकच चित्र, आणि ढाब्यावरचा माणूस लांबूनच ओळखायचा की कुणाची गाडी येतेय. पुढे अक्कलकुव्याला बदली झाली. तिथल्या बाजारात डोंगरातल्या बायका येत. त्यांच्या कपाळावरचं, दंडावरचं गोंदण पाहायला मी मुद्दाम भाजी निवडत बसायचे. एका बाईला विचारलं, हे तीन ठिपके कशाचे? ती हसली आणि म्हणाली, माझ्या आईला होते म्हणून मला. एवढं साधं उत्तर मला पुस्तकात कधी मिळालं नव्हतं.

पुस्तकातही मी शोधलंच. शाळेच्या कपाटात विश्वकोशासारखा एक जाडजूड ग्रंथ होता. त्यात विलायतेतल्या सरदारांच्या ढालींची रंगीत पानं होती. लढाईत चेहरा लोखंडी टोपाखाली झाकलेला, मग आपला कोण आणि शत्रूचा कोण हे कळायचं कसं? म्हणून ढालीवर चित्र काढायचे. बापाचं चित्र थोरल्या मुलाकडे जायचं आणि धाकट्यानं त्यात एखादी छोटी खूण वाढवायची. दोन घराण्यांची ढाल सारखी निघाली तर तंटा व्हायचा, निवाड्यापर्यंत जायचा. ते वाचून मला फार गंमत वाटली होती. तिकडं एक चिन्ह दोघांचं निघालं की भांडण, आणि आमच्याकडं एक चिन्ह दोघांचं निघालं की ते भाऊ. मी वर्गात पोरांना आपापल्या घराची ढाल काढायला लावली होती. एकानं कोंबडी काढली, एकानं बोअरवेल. बोअरवेलवाल्याला मी शाबासकी दिली होती, कारण त्याच्या घरी दोनच महिन्यांपूर्वी पाणी लागलं होतं.

तर आता मला आमच्या मोरानं पछाडलं. मोर आमच्याकडे आला कुठून? सातपुड्यात मोर आहेत, आमच्या काळ्या रानात मी तरी कधी पाहिला नाही. देवक म्हणजे सहसा माणसाच्या हाताशी असलेली गोष्ट, दारातलं झाड, कुंपणावरची वेल. मी माग काढायला निघाले. खोटं कशाला बोलू, भाचीचं लग्न वाचवायचं होतंच, पण मला मजाही येत होती.

फ्लेक्सवाला म्हणाला, मजकूर तुमच्या भावानं दिला. चुलतभाऊ म्हणाला, मी घरच्या यादीतून घेतलं. कसली यादी, तर लग्नाच्या सामानाची. आमच्या भाऊबंदांत एका यादीची झेरॉक्स फिरत असते. हळद किती, सुपारी किती, मांडवाला खांब किती, देवकाला काय. ज्याच्या घरी लग्न, त्याला ती झेरॉक्स मिळते. त्यानं कपाटातून ती काढली. झेरॉक्सची झेरॉक्स करून करून अक्षरं फिकट पडली होती. सातव्या ओळीत होतं: ‘देवक – मोर (मोराचे पीस १, ताजे व अखंड).’

“हाई कोनी लिखं?” मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. “आशी काय करस ताई? तुन्हाच कागद शे ना हाऊ.”

अक्षर माझंच होतं. ‘ताजे व अखंड’ हा थाटही माझाच. माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी मी ती यादी केली होती, याला आता तीस वर्षं झाली. वडील आदल्या वर्षी गेले होते. थोरले काका सुरतेला स्थायिक होऊन तिथंच वारले होते. कुळातलं विचारायचं तर एकटी आई उरली होती, आणि आईला लिहिता येत नव्हतं. ती चुलीपुढं बसून सांगत होती आणि मी, आठ वर्षं नोकरी झालेली शिक्षिका, ओसरीवर वही घेऊन लिहीत होते. माझ्या स्वतःच्या लग्नात वडिलांनी देवक आणलं होतं, पण मी तेव्हा आतल्या खोलीत हळद लावून बसले होते, मला काही दिसलं नाही. लग्नानंतर मी सासरच्या देवकाची झाले आणि माहेरच्या देवकाचा विचार करायचं कारणच उरलं नाही.

झेरॉक्सच्या तळाशी आणखी एक ओळ होती. ‘देवकाची परात – आईकडून घेणे.’

परात भावाच्या माळ्यावर सापडली. पितळी, जड, एका बाजूला पोचा आलेला. चिंच लावून घासली तशी मधोमध ठोक्यांनी काढलेली नक्षी वर आली. एक देठ, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले तुरे, खाली एक लांबट पान. भाऊ म्हणाला, हेच ते पीस. मलाही तसं वाटलं. पण पिसाला पान कसं असेल? मी परात पिशवीत घातली आणि जुन्या बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्या चाचांकडे गेले.

चाचांच्या घराण्याचा हा पिढीजात धंदा. आता ते विजेच्या मशिननं स्टीलवर नावं कोरतात. पण पूर्वी गावोगावची पितळ-तांब्याची भांडी त्यांच्या दुकानात यायची, आणि ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं ती माणसं नावाऐवजी खूण घालून घ्यायची. एकाचा त्रिशूळ, एकाचे चार ठिपके, एकाचा विळा. पंगतीला गावभरची भांडी गोळा व्हायची आणि खुणा बघून घरोघर परत जायची. मी हे ऐकता ऐकता कशासाठी आले ते विसरले होते. चाचांनीच पिशवीकडे बोट दाखवलं.

त्यांनी परात उजेडात धरली, ठोक्यांवरून अंगठा फिरवला. “मन्हा दादाना हात शे हाऊ,” ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे आजोबा. “त्या ठिपका दोनदा मारेत. पन ताई, मालकनी खून काठवर ऱ्हास. हाई तं बरोबर मझार शे.”

“मधोमध? म्हणजे?”

“म्हंजे हाई वळखाले नही काढेल. पुजाले काढेल शे.”

मी मोराचं पीस म्हटल्यावर ते मोठ्यानं हसले. एक मोडका डबा घेतला, छिन्नी-हातोडी घेतली आणि माझ्यासमोर चार ठोक्यांत मोराचं पीस काढून दाखवलं. आधी गोल, गोलात ठिपका, मग भोवतीचे केस. “मोर काढना व्हई तं पयले डोया. डोया नही तं मोर नही.” मग परातीवर बोट टेकवलं. डोळा कुठंच नव्हता. होते ते नुसते बारीक बारीक ठिपके, तुऱ्यातुऱ्यानं. “हाऊ आंबाना मव्हर शे, ताई. हाई खाले आंबानं पान. मव्हर येस माघमा, लगीन लागतस वैशाखमा. मंग पुजशात काय? म्हनीसन परातवर काढी ठेवेल.”

मला हे इतकं आवडलं की मी टाळीच वाजवली. जी वस्तू वेळेवर मिळणार नाही तिच्यासाठी चित्र! त्या जाडजूड ग्रंथात हे कुठं नव्हतं. आमच्या कुठल्याशा पणजोबांनी वैशाखातल्या लग्नासाठी माघातला मोहोर पितळेवर ठोकून ठेवला होता. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमचं देवक मोर नव्हतं. भाचीचं लग्न होऊ शकत होतं. मी चाचांना तिथंच म्हणाले, लग्नाला यायचं, पुढच्या पंगतीत बसायचं.

मग दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता मला आई आठवली.

आईचं माहेर निझरकडचं, तापीच्या काठानं सरळ खाली गेलं की गुजरातच्या हद्दीतलं. तिची बोली आमच्या गावापेक्षाही निराळी, अर्धी आमची, अर्धी तिकडची. आमच्या गावात आंब्याला मव्हर येतो. आईच्या आंब्याला मोर यायचा. दर माघात ती परसातल्या आंब्याखाली उभी राहून म्हणायची, “औंदा आंबाले मोर भू ऊना.” म्हणजे यंदा भरपूर आला. आणि दर माघात मी तिला सुधारायचे. “आई, मोर नाही. मोहोर. मोर पक्षी असतो.” सातवी-आठवीत होते तेव्हापासून. डी.एड. करून आले तेव्हा तर पाहुण्यांसमोरसुद्धा. मला शुद्ध मराठीचा भारी गर्व होता. शाळेत पोरं ‘शे’ म्हणाली की मी त्यांना दहा वेळा ‘आहे’ लिहायला लावायचे. आणि घरी हाताशी आयती आई होती.

तीच आई चुलीपुढून म्हणाली होती, “देवक मोर.” आणि जो शब्द मी पंधरा वर्षं खोडत आले, तो नेमका त्या दिवशी मला ओळखता आला नाही. मी पक्षी लिहिला. बाजारातून पीस आणवलं. आईनं परात घासून ठेवली होती, त्या परातीत, मोहोराच्या बरोबर वर, मीच माझ्या हातानं ते पीस ठेवलं. आईनं पिसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “आसं का? बरं,” एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, पीस किती छान आणलं म्हणून म्हणतेय.

भावाला सांगितलं तर तो उखडला. “मन्हं लगीन मंग काय खोटं शे का?” त्याची बायको म्हणाली, तीस वर्षं झाली, आता खोटं निघून तरी काय करणार आहात? तो हसला नाही. म्हणाला, आबांना वाटेल आपण सोयीनं देवक बदललं. मी येणार नाही, तुझी चूक आहे, तू निस्तर. यात तो बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला.

मी एकटी एसटीनं नवापूरला गेले. रस्त्याच्या कडेला पथारीवर मिरच्या वाळत होत्या, खिडकीतून ठसका येत होता, आणि मी मांडीवर परात घेऊन भाषण जुळवत होते. विसरवाडी आली तरी एकाही ट्रककडे बघितलं नाही. भाषण उत्तम जुळलं होतं. देवकाचा इतिहास, परातीचा पुरावा, चाचांचं मत, शेवटी समारोप. माझ्या चुकीला त्यात एक वाक्य दिलं होतं: ‘लेखनात किंचित गफलत झाली असावी.’ असावी!

आबांचं घर शेडला लागूनच आहे. कोंबड्यांचा कलकलाट इतका, की मोराचं देवक असलेल्या घरानं हा धंदा कसा काढला, असं मनात येऊन मला जरा हसू आलं आणि धीर आला. मुलानं खुर्ची दिली. मी भाषण केलं. आबा तलाठ्याचं बोलणं ऐकावं तसे ऐकत होते, मान हलवत होते, पोचत काहीच नव्हतं. त्यांनी परात उलटसुलट केली.

“घाट चांगला शे,” ते म्हणाले. “पन आजकाल नवं बी जुनं करी देतस लोके. आनि तुमना फ्लेक्सवर तं मोर व्हता. हाई मव्हर कवय निंघना? लगीन आडनं तवयच?”

मी उठून जाणारच होते. पण मग भाची मोरीत नळ सोडून उभी राहिलेली दिसली मला, आणि मी परत बसले.

“आबा, तो मोर मी लिहिला,” मी म्हणाले. “माझी आई सांगत होती आणि मी चुकीचं लिहिलं. गफलत-बिफलत काही नाही. मी चुकले.”

“काय सांगं व्हतं तुमनी मायनी? तिन्हा तोंडनं सांगा.”

मी तोंड उघडलं आणि मला ते माझ्या भाषेत सांगताच येईना. ‘आंब्याला मोहोर’ म्हटलं तर चूक कळत नव्हती, ‘मोर’ म्हटलं तर मोहोर कळत नव्हता. भावाशी, चुलतभावाशी मी घरात दोन शब्द तिच्या बोलीत बोलते, तेही हसतखेळत. परक्या घरात, मोठ्या माणसापुढं, मी जन्मात कधी बोलले नव्हते.

“माय म्हने,” मी म्हणाले, आणि आवाज माझा मलाच परका वाटला, “औंदा आंबाले मोर भू ऊना. आसं म्हने ती. आनि मन्हा भाऊना लगीनमा ती बोलनी, देवक मोर. मी पक्षी लिखा.”

आबांचा चेहरा बदलला. परात त्यांनी हळूच खाटेवर ठेवली. “निझरनी व्हती का तुन्ही माय?”

माझ्या भाषणात निझरचा उल्लेख कुठंच नव्हता. मी नुसती मान हलवली.

“मन्ही काकू तठलीच व्हती,” ते म्हणाले. “ती बी मोरच म्हने. आम्ही हसूत तिले.” त्यांनी परातीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. आतापर्यंत मला ‘तुम्ही’ म्हणत होते, ते ‘तू’वर आले होते. “पन मले एक सांग. पीस देखं तवय तिले समजनं व्हई ना, का पोरनी चुकीचं लिखं? मंग तिनी तुले टोकं कसं नही?”

हा प्रश्न मी चाचांच्या पायऱ्यांपासून टाळत आले होते. एसटीत एवढं भाषण जुळवलं ते बहुतेक त्यासाठीच. उत्तर मला माहीत होतं.

“मीच तिले रोज टोकेल शे, आबा,” मी म्हणाले. “मंग तिनी मले टोकनं सोडी दिधं.”

मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन आला होता, तो दारातच थांबला. मी पदर तोंडाला लावला आणि त्या परक्या घरात, कोंबड्यांच्या त्या कलकलाटात, ढसाढसा रडले. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. ती गेली त्या दिवशी मी सगळ्यांना धीर देत फिरत होते, बाराव्याच्या सामानाची यादी करत होते, मला रडायला सवड झाली नव्हती. तिला माहीत होतं की तिच्या मुलाच्या मांडवात चुकीचं देवक बसलंय, आणि ती माझ्या अक्षरापुढं गप्प बसली. तिला वाटलं असेल, शिकलेली पोर आहे, तिचंच खरं असेल.

आबांनी मला रडू दिलं. मग नातवाला म्हणाले, पाणी दे तिला, आणि आत चहा ठेवायला सांग. चहा आला. बशी माझ्या हातात देताना म्हणाले, “वैशाखनी तिथ काढाले सांगस मी. देवक मांडाले बसशात, तवय तुन्हा भाऊले सांग, मोठ्ठानी बोल म्हना, देवक आंबाना मोर. मव्हर नही म्हनानं. मोरच म्हनानं. तिन्हा शब्द शे तो.”